धरणाच्या खालच्या अंगाला : कोयना ते राधानगरी

पितृपंधरवड्यात आमच्या धंद्यात नव्या कामाचा नारळ फुटत नाही. चालू साइट चालू राहतात, पण नवी पार्टी आखणीची फक्की मारायलाही तयार नसते. सांगलीत बांधकामाचा व्यवसाय सुरू केल्यापासून हा पंधरवडा मी थकलेल्या बिलांच्या मागे लागण्यात घालवत आलो. यंदा बिलं अकाउंटंटवर सोपवली आणि गाडी काढली. बरोबर लेक होती. सिव्हिल करून, पुण्यात एका मोठ्या कंपनीत अनुभव घेऊन ती आता आमच्या फर्ममध्ये आली आहे. आमचे मिस्त्री होते, ज्यांच्या शेजारी उभं राहून मी खरं बांधकाम शिकलो. आणि गाडी चालवायला भाचा.

बघायचं होतं ते पाणी आणि पूल. दगडी बांधकामाची आणि पुलांची रेखाटनं करायचा मला नाद आहे. खिशात छोटी वही आणि पेन्सिल कायम असते. दुसरंही एक कारण होतं. पुढच्या काही वर्षांत फर्म लेकीच्या हाती जायची आहे. डिझाइन, निविदा, हिशेब हे तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. निर्णय घ्यायचा म्हणजे काय, तो घेताना कुणाकडे बघायचं, हे मात्र ऑफिसात समोरासमोर बसून बोलणं होत नव्हतं. रस्त्यात होईल असं वाटलं.

सोमवार : सांगली, कऱ्हाड, कोयनानगर

निघालो तो दिवस १५ सप्टेंबर, अभियंता दिन. ऑफिसात विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातला, साइटवर पेढे पाठवले. विश्वेश्वरय्या म्हटलं की लोकांना म्हैसूर आठवतं, पण ते शिकले पुण्यात. त्यांची नोकरीची सुरुवातीची वर्षं नाशिक-धुळ्याकडे गेली, आणि पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी १९०३ मध्ये पहिल्यांदा बसवले ते आपल्या खडकवासल्याला. असे दरवाजे या सहलीच्या शेवटी राधानगरीत बघायचेच होते.

पेठनाक्यावरून हायवेला लागलो. कऱ्हाडच्या अलीकडे ढाब्यावर अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी, कांदा. या पट्ट्यात आलात तर मेनूकार्ड बघत बसू नका, हेच मागवा. पुढे प्रीतिसंगमावर थांबलो. महाबळेश्वरात उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना इथे अगदी समोरासमोरून येऊन भिडतात आणि मग एक होऊन पूर्वेला वळतात. नद्या सहसा तिरक्या येऊन मिळतात. असा सरळ सामना क्वचितच दिसतो. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच आहे. पाऊस भुरभुरत होता, तरी शाळेची एक सहल छत्र्या सावरत प्रदक्षिणा घालत होती.

पाटण ओलांडलं की हवा बदलते. दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात, भातखाचरं पोपटी, आणि रस्त्याच्या कडेला तेरड्याची गुलाबी फुलं. कोयनानगरला पोचलो तेव्हा चार वाजले असतील, पण उजेड सात वाजल्यासारखा होता. सामान लॉजवर टाकून थेट नेहरू उद्यान गाठलं. धरण बघायची सर्वसामान्यांसाठी हीच जागा. प्रत्यक्ष भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही आणि सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

धुकं सरकलं आणि भिंत दिसली. उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरच्या वर, मधोमध सहा वक्र दरवाजे. मी वही काढली. मिस्त्री कठड्याला रेलून कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, माझा बा हितं दगुड वाहायचा."

इतकी वर्षं एकत्र काम करतो आहोत, पण ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. कोयनेची भिंत रबल काँक्रीटची आहे, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवत नेलेली. सह्याद्रीत काळ्या पाषाणाला तोटा नाही, आणि सिमेंट मात्र तेव्हा जपून वापरायची वस्तू होती. त्यामुळे ही पद्धत इथल्या जमिनीला आणि खिशाला दोन्हीला परवडणारी होती. काम १९५०च्या दशकात सुरू झालं आणि १९६४ च्या सुमारास भिंत पुरी झाली. मिस्त्रींच्या वडिलांनी त्यातली तीन-चार वर्षं पाठीवर दगड वाहिला.

सांगलीकराला कोयनेकडे नुसतं पर्यटक म्हणून बघता येत नाही. पावसाळ्यात आमच्या घराघरात दोन आकडे रोज विचारले जातात : कोयनेतून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) सोडलं, आणि आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. १९२९ साली बांधलेला हा दगडी कमानींचा पूल आमच्यासाठी मोजपट्टी झाला आहे. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्या वेळी आमच्या गावभागातल्या साइटच्या तळमजल्यात गाळ किती साचला होता ते लेकीला आठवत होतं. ती तेव्हा शिकत होती, सुट्टीत फावडं घेऊन उतरली होती.

आम्ही गेलो तेव्हा वक्र दरवाजे बंद होते. फक्त पायथा वीजगृहातून पाणी नदीत जात होतं, बातम्यांत नेहमी ऐकतो ते २,१०० क्युसेक. त्या शांत, हिरवट पाण्याकडे बघत मी लेकीला म्हणालो, "या दरवाजांचा निर्णय घेणारा माणूस इथे वर बसलेला असतो. एक फूट उचलू की दोन, एवढंच त्याच्यापुढे असतं. पण त्याचा परिणाम कऱ्हाडात, सांगलीत, पुढे कर्नाटकात होतो. त्याला ती माणसं दिसत नाहीत, तरी ती डोळ्यांपुढे ठेवूनच आकडा ठरवावा लागतो."

ती लगेच म्हणाली, "आणि वरच्या अंगाची माणसं? ज्यांची गावंच पाण्याखाली गेली ती?"

तिचं बरोबर होतं. कोयनेच्या धरणग्रस्तांची पुनर्वसनासाठीची आंदोलनं आजही होतात. भिंत पुरी व्हायला दहा वर्षं पुरली, पण त्या माणसांचा हिशेब साठ वर्षांत मिटला नाही. बांधकामातला माणूस म्हणून मला याची लाज वाटते, आणि इंजिनीअरिंगच्या पुस्तकात हा धडा असायला हवा होता असं ठामपणे वाटतं.

*जायचं असेल तर :* सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पावसात धरण दिसेलच असं नाही. ओझर्डे धबधबा नवजाजवळ आहे, अर्धा दिवस राखून ठेवा. गरम कपडे नकोत, पण कपड्यांचे जास्तीचे जोड हवेत. इथे काही वाळत नाही.

सोमवारची रात्र

रात्री लॉजच्या व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो. मिस्त्रींना तिथे भूकंप आठवला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. त्यांचं गाव पाटणच्या बाजूचं, ते लहान होते. "आधी गुरं वरडली. मग भित आली ती सरळ आत. आज्जी गेली आमची." एवढंच सांगून ते गप्प झाले. पुढचं त्यांनी चहा संपल्यावर सांगितलं.

त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, मुख्यतः जिथे भिंतीचा मागचा उतार बदलतो त्या पातळीला, पण भिंत उभी राहिली. नंतर मागून धिरे देऊन ती मजबूत केली गेली. माणसं मेली ती घरांखाली. गोल दगड, मातीचा चिखल आणि वर जड छप्पर अशी ती घरं होती. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कुणी घातलेला नव्हता, त्यामुळे भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर उलगडून पडले.

आमच्या साइटवर कॉलमच्या उभ्या सळयांभोवती घालायच्या रिंगचं टोक १३५ अंशात आत वळलेलं नसेल तर मिस्त्री बारबेंडरला पूर्ण पिंजरा सोडायला लावतात. नव्वद अंशाचा हुक बांधायला सोपा आणि पटकन होतो, पण हादरा बसला की तो उघडतो आणि कॉलम फुगतो. हे आय. एस. कोडात, म्हणजे बांधकामाच्या भारतीय मानकांत आहे, लेकीला पाठ आहे, मलाही माहीत आहे. मिस्त्रींनी कोड वाचलेला नाही. मग हा माणूस या एका गोष्टीवर इतका कडक का, ते मला त्या व्हरांड्यात कळलं. लेकीनं त्यांचा रिकामा कप उचलून नेला, त्यावर ती काहीच बोलली नाही.

धरणामुळे भूकंप होतात का, यावर कोयनेइतका अभ्यास जगात थोड्याच ठिकाणी झाला असेल. कऱ्हाडजवळ हजारमाचीला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे, आणि या भागात जमिनीत ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेतलेलं आहे. भूगर्भाची आवड असलेल्यांनी त्याबद्दल जरूर वाचावं.

मंगळवार : कुंभार्ली घाट, पोफळी, चिपळूण

घाटात धुकं असं की भाच्यानं काच खाली करून कानानं गाडी चालवली. ही अतिशयोक्ती नाही. समोरून येणारा ट्रक आधी ऐकू येत होता आणि मग दिसत होता. कुंभार्ली घाट सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच उतरा, फॉगलाइट तपासून घ्या.

अर्ध्या घाटात एकदम ढग फाटले आणि खाली कोकण उघडलं. खाली पोफळी, अलोरे, कोळकेवाडी. कोयनेची खरी करामत इथे आहे आणि ती बहुतेक सगळी डोंगराच्या पोटात आहे. कृष्णेच्या खोऱ्यातलं, पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवलं, पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली टाकलं, त्यावर भूमिगत वीजगृहं चालवली. तेच पाणी कोळकेवाडीला अडवून त्यावर पुन्हा वीज केली आणि मग वाशिष्ठीतून अरबी समुद्रात सोडलं. सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॅट.

चौथ्या टप्प्यासाठी भरलेल्या जलाशयाच्या तळाला बोगदा जोडायचा होता. धरण रिकामं करणं शक्य नव्हतं. म्हणून खालून बोगदा खणत नेला, शेवटी खडकाचा थोडासा पडदा शिल्लक ठेवला, आणि १३ मार्च १९९९ रोजी तो स्फोटानं उडवला. अशी कामगिरी आशियात पहिल्यांदाच होत होती. मी तेव्हा नुकता स्वतःच्या धंद्यात पडलो होतो, आणि ती बातमी मी पेपरातून कापून ठेवली होती. स्फोटाआधी वर्षानुवर्षं त्या पडद्याची जाडी मोजणारे, खडकातली प्रत्येक भेग नोंदणारे किती लोक असतील! बटण दाबण्याचा क्षण एक, त्यामागची मोजमापं हजारो. मोठं काम मला कायम त्या मोजमापांत दिसतं.

वीजगृहं सुरक्षेच्या कारणानं बघायला मिळत नाहीत. आम्ही घाटातूनच नमस्कार केला.

चिपळूणला जेवणाच्या वेळी पोचलो. बाजारपेठेजवळच्या एका घरगुती खानावळीत बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी मिळाली. मिस्त्री पंधरवड्यात मासे खात नाहीत. त्यांच्यासाठी मावशींनी काळ्या वाटाण्याची आमटी आणि घावणे केले, त्याचे वेगळे पैसे घ्यायला तयार होईनात. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक निळी रेघ होती. "एकवीस सालचं पाणी," त्या म्हणाल्या. "रंग तीनदा काढला, पण ही रेघ ठेवायची असं सांगितलं मी रंगाऱ्याला."

२२ जुलै २०२१ चा पूर. ढगफुटीसारखा पाऊस, भरती आणि वरून येणारं पाणी. त्यात धरणाच्या पाण्याचा वाटा किती, यावर चिपळुणात बराच वाद झाला. आम्ही इंजिनीअर आहोत हे कळल्यावर मावशी समोर येऊन बसल्या. "मला एवढंच सांगा, पाणी येणार हे वरच्यांना कळतं तेव्हा आम्हाला का नाही कळत? सामान माडीवर चढवायला मला एक तास पुरतो."

या वाक्यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेकीनं वहीत ते वाक्य लिहून घेतलं.

संध्याकाळी बहादूरशेख नाक्यावरून गेलो. इथे महामार्गाच्या उड्डाणपुलाचा काही भाग काम चालू असतानाच ऑक्टोबर २०२३ मध्ये कोसळला होता. सुदैवानं जीवितहानी झाली नाही. मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला : "त्या वेळी खाली कोण हुतं?" बाकी कारणं, चौकशा, अहवाल हे सगळं आम्ही दोघं इंजिनीअर बोलत होतो.

बुधवार : रेल्वेनं रत्नागिरी

भाचा गाडी घेऊन पुढे गेला आणि आम्ही तिघं मांडवी एक्स्प्रेसनं निघालो. चिपळूण ते रत्नागिरी गाडीनं जाता येतं, पण कोकण रेल्वे ही आतून बघायची गोष्ट आहे. शिवाय मांडवीतलं खाणं! गरम बटाटेवडे, कटलेट, टोमॅटो सूप घेऊन माणसं सतत फिरत असतात. चिपळूण सोडेपर्यंत आमच्या मांडीवर कागदी बशा होत्या.

समोर एक निवृत्त गृहस्थ बसले होते. १९९०च्या दशकात ते या मार्गाच्या सर्वेक्षणावर होते. मी वहीत खिडकीबाहेरचा डोंगर काढत होतो, ते बघून बोलायला लागले. पुढचा तास मी पेन्सिल हातात धरली, पण चालवली नाही.

कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं, आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सगळा मार्ग खुला झाला. मधे नव्वदहून जास्त बोगदे आणि लहानमोठे दोन हजारांच्या आसपास पूल. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी राजकारणाच्या बाजूनं ही गोष्ट लावून धरली आणि ई. श्रीधरन यांनी ती जमिनीवर उतरवली. श्रीधरन यांच्याबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, पण त्या गृहस्थांनी जे सांगितलं त्यात कामाचा वास होता. "मार्गाचे विभाग पाडले, प्रत्येक विभागाला मुख्य अभियंता दिला आणि त्याला तिथेच राहायला लावलं. मुंबईला फाइल पाठवा, उत्तराची वाट बघा, हा प्रकारच बंद. दरड आली, तर दरडीसमोर उभा असलेला माणूस ठरवणार. आणि ऑफिसात उलटी घड्याळं, आज किती दिवस उरले ते दाखवणारी."

"चुका झाल्या तर?" लेकीनं विचारलं.

"झाल्या की. पण वाट बघण्यानं जेवढं नुकसान होतं तेवढं चुकीनं होत नाही. आणि चूक केली म्हणून साहेबानं वाऱ्यावर सोडलंय, असं आमच्या विभागात तरी कधी झालं नाही."

कारबुडे बोगद्यात गाडी शिरली. साडेसहा किलोमीटर. बोलणं बंद झालं, खिडकीतून गार, ओला वारा येत राहिला. बाहेर आल्यावर त्यांनी पोमेंडी आणि निवसरची नावं घेतली. तिथली माती पावसाळ्यात अजूनही त्रास देते. म्हणूनच कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. गाड्यांचा वेग कमी करतात आणि रात्रभर गस्तीची माणसं कंदील घेऊन रुळांवरून चालतात. एवढं बांधूनही पहारा सुटत नाही, हे मला या मार्गाबद्दल सगळ्यात मोलाचं वाटतं.

रत्नागिरी स्थानकावर उतरल्यावर श्रमशक्ती स्मारकापाशी गेलो. हा मार्ग बांधताना जी माणसं गेली त्यांच्यासाठीचं हे स्मारक. मिस्त्रींनी चप्पल काढून नमस्कार केला, आम्हीही केला. घाईत असाल तरी इथे थांबा.

दुपारी पानवल नदीवरचा पूल बघायला गेलो. लांबी ४२४ मीटर, उंची ६४ मीटरच्या आसपास. खालच्या दरीत उभं राहिलं की पोकळ खांबांची ती रांग मान मोडेपर्यंत वर जाते. एवढ्या उंचीवर खालून टेकू देऊन गर्डर, म्हणजे पुलाची मुख्य तुळई, ओतता येत नाही. म्हणून दरीच्या एका काठावर गर्डरचे तुकडे एकामागून एक ओतले आणि जॅक लावून अख्खा गर्डर थोडा थोडा खांबांवरून पुढे ढकलत नेला. भारतात ही पद्धत नवी होती तेव्हाची ही गोष्ट. मिस्त्रींनी मला दोनदा खात्री करून विचारलं, "म्हंजी सगळा पूल सरकवला?" होय, सगळा. त्यांनी वर बघत बोटांनी खांब मोजले आणि म्हणाले, "मग लेव्हल धरणारा माणूस लई थोर."

मी तिथे दोन पानं रेखाटनं केली. पावसाची सर आली तेव्हा लेकीनं छत्री वहीवर धरली, माझ्या डोक्यावर नाही.

*सूचना :* फोटोसाठी रुळांवर किंवा पुलावर चढू नका. पूल दरीतून, खालूनच छान दिसतो. वाट चिकट असते, तळवा झिजलेल्या चपला नकोत. मांडवीचं आरक्षण गणपती आणि दिवाळीच्या आसपास मिळणं कठीण. आम्हाला पंधरवड्यामुळे सहज मिळालं.

गुरुवार : जांभा, आंबा घाट, कोल्हापूर

सकाळी थिबा राजवाड्याभोवती चक्कर मारली. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं आणि तो इथेच १९१६ मध्ये वारला. इमारत सुंदर आहे, पण मी अडकलो बाहेर, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या खाणीपाशी. जांभा जमिनीतून काढताना मऊ असतो, अवजारानं कापता येतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. सच्छिद्र असल्यानं घर गार राहतं. देशावरचा काळा पाषाण फोडायला सुरुंग लागतो, इथला चिरा यंत्राच्या पात्यानं विटेसारखा कापून निघतो. हल्ली रत्नागिरीतही आर. सी. सी.ची चौकट आणि ब्लॉकच्या भिंती दिसायला लागल्या आहेत. चिरा हाताशी असताना ते बघून मला वाईट वाटतं.

साखरप्याला मिसळ, आणि मग आंबा घाट. पाऊस नव्हता. वर विशाळगडाच्या बाजूची झाडी इतकी दाट की दुपारीही सावली. गाडीत मिस्त्री नाट्यपदं गुणगुणत होते. सांगली ही नाट्यपंढरी, विष्णुदास भावे आमचे. आमच्याकडे गिलावा करतानाही माणूस तानेवर असतो.

मलकापूरच्या अलीकडे लेकीनं विषय काढला. मागच्या उन्हाळ्यात मिरजेच्या साइटवर स्लॅब चालू असताना काँक्रीटची एक गाडी फार उशिरा आली होती. ड्रायव्हर पाणी मारून ते पातळ करतो म्हणाला. तिनं गाडी परत पाठवली. काम अर्ध्यावर थांबलं, जुन्या-नव्या काँक्रीटचा जोड कुठे घ्यायचा ते तिनं जागेवर ठरवलं. पार्टीनं मला फोन केला, पुरवठादारानंही केला. मी दोघांना सांगितलं होतं की तिथे ती म्हणेल ते.

"बाबा, तुम्ही मला फोनसुद्धा केला नाहीत. मी चुकले असते तर?"

"तू ट्रकसमोर उभी होतीस, मी जयसिंगपुरात एका टेबलासमोर. मी फोन केला असता तर तू माझ्या आवाजावरून निर्णय बदलला असतास. आणि त्या स्लॅबखाली राहायला येणारं कुटुंब ना पार्टीच्या फोनवर होतं, ना पुरवठादाराच्या. त्यांच्या बाजूनं बोलणारी तिथे तू एकटीच होतीस."

मिस्त्री पुढच्या सीटवरून म्हणाले, "साहेब, मग हेच मुकादमाला बी पायजे. ताई सगळीकडं कशी पुरंल?"

कोल्हापूर येईपर्यंत यावर जोरदार चर्चा झाली. मुकादमानं काम थांबवलं आणि दिवसाचा रोज बुडाला तर तो कुणी सोसायचा? मजूर म्हणतील रोज द्या, पार्टी म्हणेल आमची चूक नाही. लेकीचं म्हणणं होतं की फर्मनं सोसायचा आणि तो खर्च प्रत्येक निविदेत आधीच धरायचा. मला सुरुवातीला हे महाग वाटलं. तिनं मोबाइलवर आकडे मांडून दाखवले. एका खराब कॉलमची दुरुस्ती कितीला पडते ते मला तोंडपाठ आहे, त्यामुळे फार वेळ वाद घालता आला नाही. शनिवारी संध्याकाळी लेबरचा हिशेब चुकता करायचा, पार्टीकडून रनिंग बिलाचे, म्हणजे झालेल्या कामाचे पैसे आले असोत वा नसोत, हा नियम मी पहिल्यापासून पाळला आहे. हा त्याच जातीचा नियम आहे, हे तिनंच मला दाखवलं.

रात्री कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा. मिस्त्रींसाठी झुणका-भाकर आणि दही.

शुक्रवार : राधानगरी आणि राजाराम बंधारा

कोल्हापूरहून राधानगरी पन्नासएक किलोमीटर. भोगावतीच्या काठाकाठानं, दोन्ही बाजूंना ऊस. शाहू महाराजांनी हे धरण हाती घेतलं ते १९०९ च्या सुमारास, संस्थानच्या पैशांतून. पैसे कमी पडले, काम थांबलं, आणि पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. पण कोल्हापूर जिल्ह्यातली ही हिरवळ त्या निर्णयातून आली. ज्याचं फळ स्वतःच्या हयातीत बघायला मिळेल याची खात्री नाही, असं काम सुरू करायला किती मोठं मन लागतं, याचा विचार मी धरणाकडे बघत पुष्कळ वेळ केला.

सात स्वयंचलित दरवाजांपैकी एक उघडा होता. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की वजनाच्या तोलावर दरवाजा आपोआप उघडतो, आणि पातळी उतरली की मिटतो. वीज नाही, मोटर नाही, बटण नाही. वरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज इतका की खुणेनं बोलावं लागत होतं. लेक त्या यंत्रणेवर खूष झाली. मी दरवाजा किती काळजीनं राखला असेल त्यावर. वंगण, गंज काढणं, खाचेतला कचरा काढणं हे दरवर्षी कुणीतरी करत आलं म्हणून तो आजही उघडतो.

*सूचना :* हा दाजीपूर-राधानगरी अभयारण्याचा भाग आहे. संध्याकाळी रस्त्यावर गवे येतात, अंधाराआधी परत फिरा. हॉर्न वाजवू नका.

परतीच्या वाटेवर कसबा बावड्याला राजाराम बंधाऱ्यावर थांबलो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत दगडी खांबांची रांग आणि खांबांना उभ्या खाचा. पावसाळा संपला की खाचांत आडवे बरगे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवायचं, दोन रांगांमध्ये माती भरायची; पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. इतकं साधं, आणि महाराष्ट्रभर पसरलेलं. पंचगंगा अजून बंधाऱ्यावरून वाहत होती, खांब अर्धे पाण्यात.

तिथे एक शेतकरी म्हैस धुवायला आले होते. बरगे कधी घालतात-काढतात हे विचारलं. "घालायची घाई समद्यास्नी असती," ते म्हणाले. "काढायची येळ आली की वरचा म्हणतो थांबा, माझ्या मोटरीला पाणी हाय. एकदा वळवाचा जोराचा पाऊस आला, बरगे तसंच, अन् काठची रानं बुडाली. तवापासून काढायची तारीख आमी काठावरलीच माणसं सांगतो."

लेकीनं वही माझ्या हातातून घेतली आणि चिपळूणच्या मावशींच्या वाक्याखाली हे लिहिलं.

सोमवारी सकाळी तिनं केलेला एक कागद आमच्या सगळ्या साइटवर लागला. काँक्रीट, सळई किंवा सेंट्रिंग याबाबत शंका आली तर साइट इंजिनीअर, मिस्त्री किंवा मुकादम यांपैकी कुणीही काम थांबवू शकतो. मालकाला फोन करायची गरज नाही. थांबलेल्या वेळेचा रोज फर्म देईल. खाली सही तिची आहे. मिस्त्रींनी त्यात एक ओळ घालायला लावली : स्लॅबखाली कुणी झोपत किंवा स्वयंपाक करत असेल तर आधी त्याला उठवा, मग बाकीचं.

ऑक्टोबरच्या शेवटी बरगे घालायचं काम सुरू झालं की आम्ही पुन्हा बावड्याला जाणार आहोत. त्या शेतकऱ्यांनी वेळ कळवायचं कबूल केलं आहे. कुणाला यायचं असेल तर सकाळी लवकर या आणि जुने कपडे घालून या. बरग्यांमधली माती भरायला ते पाहुण्यांनाही लावतात.